आगोटीचे बोंबील



मे महिना अर्धा सरला की आमच्या कर्जत-खालापूरकडे घरोघर एकच लगबग सुरू होते. कौले चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, मिरची-मसाला कुटून ठेवायचा. पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या या बेगमीला आमच्याकडे आगोट म्हणतात. आणि ज्या घरात मासळी चालते त्या घरची आगोट सुक्या बोंबलांवाचून पुरी होत नाही. सुके बोंबील, जवळा, सुकट, चार खारवलेले बांगडे, एवढे डब्यात पडले की घरची बाई निर्धास्त होते. मग बाहेर आठ-आठ दिवस झड लागो, चुलीवर कालवण असते.

मी भिसेगावात राहतो. कर्जत स्टेशनाला लागूनच आमचे गाव. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणजे मासळीच्या बाबतीत माझा अधिकार खाणाऱ्याचाच. तरीही आज समुद्राविषयी बोलायला बसलो आहे, त्याला कारण आगोटीचा बाजार.

आमच्या घरी वर्षानुवर्षे एकच कोळीण सुकी मासळी घालते. मूळची उरणकडची. आईच्या वेळेपासूनची ओळख, म्हणून आम्ही तिला मावशी म्हणतो आणि ती मला मास्तर म्हणते. गेल्या आगोटीला तिने पाटी उतरवली आणि मी बोंबलांची जुडी हातात घेतली. बोटभर लांबीचे बोंबील. मी म्हणालो, "मावशी, हे काय? बोंबील आहेत का सुतळीचे तुकडे?"

मावशी हसली नाही. म्हणाली, "मास्तर, दर्यान जे गावतं तेच पाटीन येतं. मोठं बोंबील आता कवातरी गावतान. तुमी शिकलेली मानसं, तुमीच सांगा दर्याला काय झायलंय ते."

मी गप्प बसलो. वर्गात मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या रोज काढतो, पण या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. त्यानंतर वर्षभर जे वाचले, विचारले, पाहिले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपण डोंगराकडची माणसे. आपल्याला वाटते, समुद्र अलिबाग-मुरुडचा, आपला काय संबंध? पण उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून उतरते, कर्जतवरून जाते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीत जाते. पावसाळ्यात आपल्या शेतांतून, रानांतून जो गाळ लाल पाण्याबरोबर वाहून जातो, त्यातला कस खाडीच्या तोंडाशी पोचतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव वाढतात. त्यांच्यावर नुकती जन्मलेली मासळी जगते. तिवरांच्या मुळांतून, खाडीच्या उथळ पाण्यात तिचे बाळपण जाते. बहुतेक मासळी पावसाळ्याच्या मागेपुढे अंडी घालते. पोरांना खायला त्याच वेळी असते, असा निसर्गाचा हिशेब आहे. आपण नदीत जे सोडतो तेही त्याच वाटेने जाते, हे निराळे सांगायला नको. पुढे उल्हासनगर-कल्याणकडे वालधुनीचे पाणी या नदीला मिळते. त्याचा रंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना खाडीतल्या मासळीची अवस्था समजावून सांगावी लागत नाही.

आता एक कबुली देतो. आपल्या भागातल्या श्रोत्यांना वलगण ठाऊक आहे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओहोळ भरून वाहू लागले, की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ओहोळातून शेतात, शेतातून वरच्या खाचरात. शिंगटी, खवल, मळे, सगळे गाबोळीने फुगलेले. अंडी घालायला त्यांना उथळ, संथ, ताजे पाणी हवे असते. त्या रात्री गावातला प्रत्येक मुलगा बत्ती आणि काठी घेऊन बांधावर असतो. मीही असे. बारा-तेरा वर्षांचा असताना एका रात्रीत मी बादली भरून मासे आणले होते आणि आळीत माझी कोण मिजास! आजोबा मात्र बादलीत डोकावून एवढेच म्हणाले, "चढताना धरलेस? उतरताना धरायचे होतेस." मला त्या वेळी त्याचा अर्थ कळला नाही. चढणाऱ्या माशाच्या पोटात पुढच्या वर्षाचे मासे असतात. अंडी टाकून तो उतरू लागला, म्हणजे त्याने आपला हप्ता भरलेला असतो.

आज आमच्या ओहोळात वलगण नावालाच चढते. दोष एकट्या पोराटोरांच्या बादल्यांचा नाही. बांध सिमेंटचे झाले, शेतात औषधे आली, नदीकाठी बंगले आणि रिसॉर्टे उभी राहिली. पण बादल्यांचाही त्यात वाटा आहे, आणि त्यातली एक माझी होती. म्हणून कोळ्यांना दोष देण्याआधी मी दोनदा विचार करतो.

समुद्र मात्र ओहोळासारखा नाही, तो अफाट आहे, त्यातली मासळी कशी संपेल, असे कुणी म्हणेल. मोठमोठ्या पंडितांनीही असेच म्हटले होते. १८८३ साली लंडनला मत्स्योद्योगाचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात थॉमस हक्स्ली या नामांकित शास्त्रज्ञाने असे मत मांडले की समुद्रातले मोठे मत्स्यसाठे माणसाच्या हातून संपण्यासारखे नाहीत. त्या काळच्या साधनांकडे पाहून बोलला, आणि त्या हिशेबाने तो फारसा चुकलाही नव्हता. पण साधने बदलली. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. तिथे कॉड हा मासा पाचशे वर्षे माणसे धरीत होती. लहान होड्या, गळ, साधी जाळी. मासा टिकून होता. विसाव्या शतकाच्या मध्याला प्रचंड यांत्रिक बोटी आल्या. जाळे ओढायचे, मासा बोटीवरच साफ करायचा आणि गोठवायचा. १९६८ साली तिथे सुमारे ८ लाख टन कॉड निघाला. लोकांना वाटले, भरभराट आहे. चोवीस वर्षांनी, १९९२ च्या जुलैत, सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली, कारण धरायला मासा उरला नव्हता. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार एका हुकमाने गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी तीस वर्षांहून अधिक टिकली. २०२४ साली ती उठवली तीही अगदी थोड्या मासेमारीपुरती.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आपल्याकडे समुद्राला पूर्वी एक कुलूप होते आणि ते वाऱ्याच्या हातात होते. ज्येष्ठ लागला, नैर्ऋत्येचा वारा फिरला, की शिडाच्या होडीची दर्यात जायची छाती नव्हती. कोळी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारीत आणि जाळी विणायला बसत. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मग होड्या लोटायच्या. यात भक्ती होती, तसे व्यवहारज्ञानही होते. मासळीचा अंडी घालण्याचा मोठा हंगाम तेवढ्यात उरकत असे. मुद्दाम कुणी राखण करीत नव्हते. राखण आपोआप होत होती.

जाळी सुताची आणि सणाची, झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून टिकवलेली. ती कुजत, फाटत, त्यांना विश्रांती द्यावी लागे. आपल्या उत्तर कोकणातले खास जाळे म्हणजे डोल. एक लांबच लांब पिशवी समजा, तोंड मोठे आणि शेपटाकडे निमुळती. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकून तिचे तोंड प्रवाहाकडे करून बांधतात. भरती-ओहोटीचे पाणी तिच्यातून जाते आणि मासा आत राहतो. जाळे ओढावे लागत नाही, तेल जळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जास्त, तेव्हा मासळी जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या पाण्याला कमी. आपल्या आगोटीचा बोंबील आणि जवळा मुख्यतः या डोलीतून येतो.

स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिने बसू लागली. त्यात वाईट काहीच नव्हते. देशाला अन्न हवे होते, कोळ्याला चार पैसे हवे होते, आणि वल्ही मारून ज्यांचे खांदे निकामी झाले त्यांना इंजिन म्हणजे वरदानच वाटले असणार. त्यामागून नायलॉनची जाळी आली, ती कुजत नाहीत. बर्फ आला, म्हणून दूर जाऊन आठ-आठ दिवस राहता येऊ लागले. मग ट्रॉलर आला. तो तळ घासून जाळे ओढतो. शेतातले पीक कापण्याऐवजी सगळ्या शेतावरून फाळ फिरवावा, त्यातला हा प्रकार. पुढे पर्ससीन जाळे आले. आपल्या आजीच्या बटव्याला नाडी असते ना? तसेच हे. माशांच्या थव्याभोवती जाळ्याची भिंत फिरवायची, खालची दोरी ओढली की बटवा बंद. सगळा थवा आत, एकही सुटत नाही. अलीकडे रात्री समुद्रात प्रखर एलईडी दिवे लावून मासा गोळा करतात. दिव्याकडे पाखरे येतात तसे मासे येतात.

वाऱ्याचे कुलूप या सगळ्यांनी मोडले, आणि दुसरे कुलूप करण्याचे भान आपल्याला उशिरा आले.

शिंगाळ्याची हकीकत सांगतो. वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही. समुद्रातल्या या माशाची मादी अंडी घालते ती थोडी, पण चांगली गोटीएवढी. ती अंडी नर आपल्या तोंडात घेतो आणि पिले बाहेर पडेपर्यंत तोंडातच सांभाळतो. तेवढे दिवस तो काही खात नाही. खाणार कसा? तोंडात लेकरे असतात. असे बाप थवा करून राहतात. १९८० च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांत या नरांचे थवेच्या थवे सापडले. बोटीवर ओतल्याबरोबर तोंडातली अंडी सांडली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच धोक्याची सूचना दिली होती. पुढे काही वर्षांत तिथली शिंगाळ्याची मासेमारी जवळजवळ बसली. बोंबील निदान वर्ष-दोन वर्षांत वाढतो आणि पोरे पुष्कळ देतो, त्यामुळे पडला तरी उठतो. शिंगाळा किंवा मुशी, ज्यांची पोरे मोजकी, त्यांना एकदा मार बसला की सावरायला फार काळ लागतो.

मग कोळी थांबत का नाही? इथे मी माझ्या विषयात येतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगू द्या.

गावाचे गायरान सगळ्यांचे. समजा, मी शहाणपणाने माझी दोन गुरे कमी केली. वाचलेले गवत कुणाला मिळाले? शेजाऱ्याच्या गुरांना. गायरान तर वाचले नाहीच, वर माझे दूधही गेले. म्हणून प्रत्येकजण आपले एक गुरू वाढवतो आणि एक दिवस गायरानात माती उरते. गॅरेट हार्डिन या अमेरिकन प्राध्यापकाने १९६८ साली हेच लिहिले आणि त्याचा बोलबाला झाला. समुद्र म्हणजे कुंपण नसलेले गायरान. ज्याने लहान पापलेट परत पाण्यात सोडले, त्याचे ते पापलेट दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या जाळ्यात. त्यात बोटीवर कर्ज, डिझेलचा खर्च, खलाशांचा पगार. हात हलवीत परतणे परवडत नाही. यात कोळ्याचा स्वभाव वाईट आहे असे म्हणणे मला पटत नाही. त्याच्या जागी मी असतो तर तेच केले असते. बारा-तेराव्या वर्षी बांधावर केलेच होते.

पण हार्डिनने अर्धीच गोष्ट सांगितली. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जन्मभर जगभरच्या गावांतली कुरणे, पाटाचे पाणी, मासेमारीची ठिकाणे अभ्यासली आणि दाखवून दिले की जिथे माणसे आपसांत नियम करतात, तो कोण मोडतो यावर स्वतः नजर ठेवतात, आणि मोडणाऱ्याला गावाचीच शिक्षा असते, तिथे सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आपल्याकडे भीमाशंकरच्या रानात देवराया का टिकल्या, याचे उत्तर यात बरेचसे आहे. किनाऱ्यावरही कोणाची डोल कुठे लागायची याचे गावोगावचे संकेत आहेत. ते मोडतात तेव्हा भांडणे पेटतात. वसई-उत्तनकडचे डोलवाले आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यातला कवींचा, म्हणजे समुद्रात ठोकलेल्या डोलीच्या खुंटांच्या जागांचा, वाद वर्षानुवर्षे चालू आहे. गावागावांत नियम असतो. दोन गावांच्या मध्ये तो विरून जातो. तिथे सरकार लागते.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, समुद्र राज्याच्या अखत्यारीत. तिथून २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राच्या. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा. पावसाळी बंदीचा काळ पूर्वी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट असा धरीत. २०१५ पासून केंद्राने पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरवून दिले. आता गंमत पाहा. नारळी पौर्णिमा येते ऑगस्टात, आणि कायद्याचे कुलूप निघते ३१ जुलैला. कित्येक पारंपरिक मच्छीमार म्हणतात, बंदी वाढवा. ज्यांच्या पोटावर पाय येतो तेच बंदी वाढवा म्हणतात, हे मला फार बोलके वाटते. २०१६ साली राज्याने पर्ससीनचे परवाने आणि हंगाम यांना लगाम घातला. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांच्या घरात गेले. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीची कमीत कमी लांबी ठरवून दिली गेली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेटची मर्यादा १३५ मिलिमीटर, शाळेच्या फूटपट्टीवर सव्वापाच इंच.

कागदावर हे सगळे उत्तम. पण शेकडो किलोमीटरचा किनारा, हजारो बोटी आणि मोजक्या गस्तीनौका. काळोखात दिवे लावणाऱ्याला कोण अडवणार? मी कायद्याच्या विरुद्ध नाही. मात्र दंडावर सगळा भार टाकला की मोठा बोटवाला दंड खर्चात धरून चालतो आणि लहान होडीवाला बुडतो, एवढे अर्थशास्त्र मला कळते.

जाळ्याच्या आसाचे उदाहरण त्याहून आशेचे आहे. आस म्हणजे जाळ्यातले भोक. ट्रॉलरच्या जाळ्याची भोके शंकरपाळ्याच्या आकाराची असतात. जाळे ओढले की ताणाने ती मिटतात, मग भोक कागदावर केवढेही असो, पिलू सुटत नाही. तेच भोक चौकोनी विणले तर ओढतानाही उघडे राहते आणि लहान मासा निसटतो. धागा तोच, बोट तीच, विणीचा फरक. अशा चौकोनी आसाचा आग्रह शास्त्रज्ञ आणि शासन दोघेही धरीत आहेत.

एक आकडा सांगतो, पण जपून. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०१८ साली महाराष्ट्रात २.९५ लाख टन समुद्री मासळी उतरली. २०१९ साली २.०१ लाख टन, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. हा आकडा वाचून मी घाबरलो. मग लक्षात आले की त्या वर्षी वादळे लागोपाठ आली आणि बोटी कित्येक दिवस बंदरात बांधून होत्या. तेव्हा एका वर्षाच्या आकड्यावरून समुद्र रिकामा झाला असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. मासळी वर्षावर्षाला कमीजास्त होतेच. पण अरबी समुद्राचे पाणी तापते आहे, वादळे वाढताहेत, हेही खरे. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळाने आपल्याच जिल्ह्याचा किनारा कसा झोडपला ते आपण पाहिले. वाऱ्याचे कुलूप आता नको तेव्हा लागते आणि हवे तेव्हा लागत नाही, अशी स्थिती आहे. एकूण टनांपेक्षा मला मावशीच्या पाटीतली बोंबलांची लांबी अधिक खरी साक्ष वाटते. मासा मोठा होण्याआधीच धरला जात असला, की पहिली खूण तीच.

इथे आपल्या आगोटीचा अवघड प्रश्न येतो. लहान मासा वेगळा आणि पोर मासा वेगळा. जवळा जन्मभर एवढासाच राहतो. तो पुरता वाढलेला जीव आहे. मांदेलीही लहानच असते. ती खाण्यात काही पाप नाही. पण जवळा धरायचा तर डोलीच्या शेपटाकडचे जाळे बारीक विणावे लागते, आणि त्या बारीक जाळ्यात जवळ्याबरोबर पापलेटची, घोळीची नखाएवढी पोरेही येतात. ती विकायलाही येत नाहीत. किनाऱ्यावर वाळतात आणि खताच्या किंवा कोंबडीखाद्याच्या वाटेला लागतात. आपल्याकडे खालापूर-कर्जतला पोल्ट्र्या किती आहेत ते तुम्ही जाणताच. त्या खाद्यात कुठल्या पापलेटचे बाळपण दळले गेले आहे, कोण सांगणार?

मग जवळा बंद करा, असे मी म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. आमच्याकडे वाड्यांवरची कातकरी, ठाकर माणसे पावसाळ्यात नाचणीच्या किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर मूठभर सुकटीवर दिवस काढतात. त्यांच्या ताटातली ती एवढीच सकस वस्तू. पापलेट खाणारा मुंबईचा माणूस समुद्र राखायचा म्हणून जवळ्यावर बंदी मागू लागला, तर मी कातकऱ्याच्या बाजूने उभा राहीन. पण पापलेटची पोरे डोलीत नेमकी ज्या महिन्यांत फार येतात, पावसाळ्यानंतरच्या त्या थोड्या आठवड्यांत बारीक जाळ्याची डोल आवरता येते का, तेवढ्या दिवसांची भरपाई कोळ्याला देता येते का, हे बसून ठरवण्यासारखे आहे. सातपाटीच्या पापलेटवाल्याचे नुकसान आणि डोलवाल्याचे पोट, दोन्ही एकाच वहीत मांडल्याशिवाय ते ठरणार नाही.

शिक्षक बंधुभगिनी हे भाषण ऐकत असतील, त्यांना एक सुचवतो. मी आमच्या विद्यार्थ्यांबरोबर करून पाहिले आहे. फूटपट्टी आणि वही घेऊन मुलांना बाजाराच्या दिवशी मासळीच्या ओळीत न्यावे. विकणाऱ्या बाईची परवानगी घ्यावी, तिच्या धंद्याची वेळ टाळावी. मग कोणता मासा, किती लांब, गाबोळी आहे की नाही, एवढेच टिपायचे. आमच्या मुलांनी पहिल्याच दिवशी पापलेटच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चिमुकल्या माशांच्या वाट्याची लांबी घेतली. सव्वापाच इंच एकही भरला नाही. एका मुलाने विकणारीला विचारले, "मावशी, हे धरायला बंदी आहे ना?" ती म्हणाली, "बाला, घेनारा हाय म्हनून इकते. तुजी आयसच काल दोन वाटं घेऊन गेली." सगळी मुले हसली, तो मुलगा तेवढा हसला नाही. घरी जाऊन त्याने काय केले ते मी विचारले नाही.

यंदा मृगात पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री मी बत्ती घेऊन ओहोळावर गेलो. सोबत शेजारचा नववीतला मुलगा होता. बराच वेळ नुसतेच लाल पाणी धावत होते. मग खालच्या दगडाशी हालचाल झाली. चार-पाच शिंगट्या, पोटे टम्म, धारेला अंग लावून वर सरकत होत्या. एक घसरून खाली गेली, पुन्हा चढली. मुलाने हातातली काठी उचलली आणि माझ्याकडे पाहिले. मी त्याला आजोबांचे वाक्य सांगितले. त्याने काठी खाली केली, पण मला विचारले, "सर, आपण सोडल्या, पण वर बांधावर ते चौघे बसलेत. ते सोडतील का?"

मी त्याला म्हणालो, "चल, त्यांना विचारू." आम्ही वर गेलो. चौघांतले दोघे माझेच जुने विद्यार्थी निघाले. तासभर बोलणे झाले. दोघांनी ऐकले, दोघांनी नाही. पुढच्या आगोटीला मावशी येईल तेव्हा तिला हे सांगणार आहे.